कालची गोळी आजही काम करते

(आदिवासी सेवाकार्याच्या वार्षिक मेळाव्यात सहकारी सभासदांसमोर दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी पाड्यांवरच्या कामाचा अहवाल वाचते. या वर्षीचा अहवाल छापून तुमच्या हातात आलेला आहे, म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. गेल्या वर्षी याच सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, "ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तुम्ही तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम का देता? पैसा अडकून पडतो. लागतील तशा द्याव्यात." प्रश्न रास्त होता. मी तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते मला स्वतःलाच पटले नाही. आज नीट उत्तर देते.

आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. माझा डिप्लोमा ईशज्ञानाचा आहे. गोळ्यांचे हे गणित मी वर्गात शिकले नाही. एका चुकीतून शिकले, आणि ती चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर वीस वर्षांची एक मुलगी होती. चौदाव्या वर्षापासून तिला फिट येत असे. महिन्यातून चार-पाच वेळा. फिट आली की कोणी कांदा हुंगवायचे, कोणी चप्पल. भगताकडे कोंबडे झाले, बोकड झाले. लग्नाचे दोन प्रस्ताव परत गेले होते. मी त्या घरी सहा महिने जात होते, तेव्हा कुठे वडील तिला आमच्या महिन्याच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी तपासून फेनोबार्बिटोनची गोळी लिहून दिली. ६० मिलिग्रॅम, रोज रात्री एक. हे औषध जुने आहे. १९१२ पासून फिटवर वापरले जाते. स्वस्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

आमच्या सिस्टरांनी मला बजावले होते, "घरच्यांना सांगा, पूर्ण गुण यायला तीन आठवडे लागतील. तोवर फिट आली तरी गोळी सोडायची नाही." मी काय केले? वडिलांच्या चेहऱ्यावरची शंका मला दिसत होती. तीन आठवडे म्हटले तर ते गोळी सुरूच करणार नाहीत, अशी मला भीती वाटली. म्हणून मी म्हणाले, "काका, चार दिवसांत फरक दिसेल."

पाचव्या दिवशी मुलीला अंगणात फिट आली. त्यात पहिले काही दिवस या गोळीने झोप फार येते, तशी तिलाही येत होती. वडील म्हणाले, "पोर दिवसभर पेंगते आणि फिट तर येतेच. मग ही गोळी कशाला?" गोळ्यांची पुडी त्यांनी छपरात खोचून ठेवली. मी त्या आठवड्यात दुसऱ्या भागात होते. साधारण बारा दिवसांनी मुलगी भाकरी करत असताना फिट आली आणि ती चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीव वाचला, हात वाचला, पण दोन बोटे आजही एकमेकांना जोडलेली आहेत.

गोळी चालू राहिली असती तर ती फिट नक्की टळली असती, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण मी चारऐवजी एकवीस दिवस सांगितले असते, तर वडिलांनी निदान वाट तरी पाहिली असती. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्या विश्वासाला मी खोटी तारीख दिली होती.

त्या रात्री सिस्टरांनी मला वही-पेन्सिल घेऊन बसवले आणि जे समजावले, ते आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्याला वाटते, गोळी खाल्ली, तिने काम केले, संपली. उद्याची गोळी उद्याचे काम करील. पुष्कळ औषधांचे तसे नसते. यकृत आणि मूत्रपिंडे औषध बाहेर टाकत असतात, पण एका दिवसात सगळे टाकत नाहीत. शरीरात जितके असेल त्याचा ठरावीक हिस्सा टाकतात. इथे बसलेल्यांना हे समजणे सोपे आहे, कारण आपण दशांश देतो. ज्याच्या हाती शंभर आले तो दहा देतो, हजार आले तो शंभर. रक्कम बदलते, हिस्सा तोच राहतो. शरीरही असेच देते. फेनोबार्बिटोनच्या बाबतीत मोठ्या माणसाचे शरीर दिवसाला साधारण सहावा हिस्सा देऊन टाकते.

आता हिशेब करू. पहिल्या रात्री ६० मिलिग्रॅम गेले. दुसऱ्या रात्रीपर्यंत सहावा हिस्सा, म्हणजे १० बाहेर गेले, ५० उरले. त्यात नवे ६० आले. झाले ११०. त्याचा सहावा हिस्सा गेला आणि पुन्हा ६० आले. तिसऱ्या रात्री १५२. चौथ्या रात्री १८६. पाचव्या रात्री २१५. साठा वाढत आहे, पण दरवेळी वाढ थोडी कमी होत आहे. ६०, ५०, ४२, ३४, २९ अशी. कारण साठा मोठा झाला की त्याचा सहावा हिस्साही मोठा होतो.

हे कुठे थांबते? ३६० वर. कारण ३६० चा सहावा हिस्सा म्हणजे ६०. रोज ६० येतात, रोज ६० जातात. येणारे आणि जाणारे सारखे झाले. याला समतोल म्हणू या. डॉक्टरांचा भरवसा या समतोलावर असतो, पहिल्या गोळीवर नसतो. आणि पाहा, रोज गोळी एकच घेतली जाते, पण शरीरात सहा गोळ्यांइतके औषध उभे असते. आजची गोळी एकटी नाही. कालची, परवाची, तेरवाची तिच्या पाठीशी आहे.

सिस्टरांनी आणखी एक सोपी खूण सांगितली. कोणत्याही औषधाचा साठा निम्मा व्हायला किती वेळ लागतो, ते विचारावे. पुस्तकात त्याला अर्धायुष्य म्हणतात. अशी पाच अर्धायुष्ये गेली की समतोल जवळजवळ पूर्ण होतो. पहिल्यात निम्मा, दुसऱ्यात पाऊण, मग साडेसत्त्याऐंशी टक्के, मग चौऱ्याण्णव, मग सत्त्याण्णव. फेनोबार्बिटोनचे अर्धायुष्य मोठ्या माणसांत साधारण चार दिवसांचे धरले, तर चार पंचे वीस. म्हणून तीन आठवडे. लहान मुलांत ते लवकर उतरते, म्हणून त्यांचा हिशेब डॉक्टर वेगळा करतात. त्या मुलीला पाचव्या दिवशी फिट आली तेव्हा तिच्या शरीरात हव्या असलेल्या साठ्यापैकी साठ टक्केच जमा झाले होते. औषध हरले नव्हते. ते अजून पुरते आलेच नव्हते.

मग कोणी म्हणेल, पहिल्याच दिवशी सहा गोळ्या देऊन टाकाव्यात. रुग्णालयात तातडीच्या वेळी डॉक्टर सुरुवातीला मोठा डोस देतातही. पण तिथे श्वासावर, नाडीवर लक्ष ठेवायला माणसे असतात. पाड्यावर एकदम इतके औषध म्हणजे गाढ गुंगी आणि श्वास मंदावण्याचा धोका. हळूहळू साठा वाढला की शरीर त्या झोपेला सरावत जाते. म्हणून आम्ही वाट पाहतो, आणि वाट पाहायला शिकवतो.

जे चढताना, तेच उतरताना. गोळी बंद केली की साठा एका रात्रीत रिकामा होत नाही. एक दिवस चुकला तर सहावा हिस्सा कमी होतो. तीन दिवस चुकले तर सुमारे चाळीस टक्के जातात. दहा दिवसांनी पाचव्या हिश्शाहूनही कमी उरते. यात एक मोठी फसवणूक आहे, आणि ती आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. एका तरुणाच्या गोळ्या तिकडे संपल्या. पहिले चार-पाच दिवस काहीच झाले नाही. तो मुकादमाला म्हणाला, "मी बरा झालो, गोळी लागत नाही." खरे तर तो मागच्या गोळ्यांच्या शिलकीवर चालत होता. दुसऱ्या आठवड्यात उसाच्या फडात त्याला एकामागून एक फिट येऊ लागल्या. शुद्ध न येता पुन्हा फिट, पुन्हा फिट. हे औषध अचानक तुटले की असे होऊ शकते, आणि त्यात माणूस दगावतो. सोबतच्यांनी ट्रॅक्टरमधून त्याला वेळेत रुग्णालयात नेले, म्हणून तो वाचला. गोळी सुटणे आणि फिट येणे यांत आठ-दहा दिवसांचे अंतर पडल्याने घरच्यांना दोहोंचा संबंध लागला नाही. त्यांनी नजर लागली असे धरले. यात त्यांचे अज्ञान नाही. आपल्यालाही दोन आठवड्यांपूर्वीचे कारण सहज दिसत नाही.

ज्येष्ठ सभासदांना माझे उत्तर हे आहे. तीन महिन्यांच्या गोळ्यांत पैसा अडकत नाही. महिनाभर भरलेला साठा फडावर दोन आठवड्यांत रिकामा झाला, तर आधीचे सगळे पैसे वाया जातात आणि माणूस जाऊ शकतो. अर्थात इतक्या गोळ्या घरात असणे धोक्याचेही आहे. लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीव जाईल. म्हणून आम्ही झाकणाचा डबा देतो, आणि तो आढ्याला टांगायचा असे ठरवून घेतो.

प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा असतो. आपण घरोघरी घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी दोन-तीन तासांत निम्मी होते. नेमून दिलेल्या अंतराने घेतली तर तिचा साठा फारसा वाढत नाही. तिचा धोका वेगळ्या वाटेने येतो. तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी अशी तीन पाकिटे तीन नावांची असतात आणि तिन्हींत पॅरासिटामॉल निघते. मोठ्या माणसाला दिवसात चार ग्रॅमच्या वर गेले तर यकृताला इजा होऊ शकते. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा, एवढेच सांगते.

कुष्ठरोगाच्या औषधांत तर एकाच पाकिटात तीन स्वभाव आहेत. रिफाम्पिसिन काही तासांत निम्मे होते. डॅप्सोनला एक दिवस किंवा थोडा जास्त लागतो. क्लोफाझिमिन चरबीत आणि कातडीत जाऊन बसते आणि निम्मे व्हायला सुमारे सत्तर दिवस घेते. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच दिले तरी चालते, कारण ते जंतूंवर एकाच घावात मोठे काम करते आणि कुष्ठरोगाचे जंतू फार सावकाश वाढतात. क्लोफाझिमिन मात्र थराथराने साठते, आणि साठताना कातडीचा रंग तांबूस-काळा करते. मी ज्या भागात आधी काम केले तिथे एका सुनेने तिसऱ्या महिन्यात औषध फेकून दिले होते. तोंड काळवंडल्यामुळे सासू म्हणाली, रोग वाढला. रोग वाढला नव्हता, औषध साठत होते. उपचार पूर्ण झाल्यावर तो रंग काही महिन्यांत, कधी वर्षभराने, उतरत जातो. हे तिला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर पाकीट उकिरड्यावर गेले नसते. तिने नंतर बारा महिने पूर्ण केले, हे आनंदाने सांगते.

आता तिसरी बाजू. साठा जसा गुण देतो तसा विषही होऊ शकतो, आणि गोळी तीच असताना होऊ शकतो. हे पाड्यावरचे उदाहरण नाही, माझ्या घरचे आहे. माझ्या सासूबाई हृदयासाठी अनेक वर्षे डिगॉक्सिनची गोळी घेत होत्या. मूत्रपिंडे चांगली असली की हे औषध साधारण दीड दिवसात निम्मे होते. मूत्रपिंडे अगदी थकली की त्याला चार-पाच दिवस लागू शकतात. सासूबाईंची गोळी बदलली नव्हती, वेळ बदलली नव्हती. वय झाले, मूत्रपिंडे मंदावली, आणि बाहेर जाणारा रोजचा हिस्सा लहान झाला. हिस्सा लहान झाला की समतोल वरच्या पायरीवर जाऊन थांबतो. त्यांची भूक गेली, मळमळ सुरू झाली, सगळे पिवळट दिसते म्हणू लागल्या. आम्ही म्हणालो, वय झाले. दोन आठवडे असे गेले. मग डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासले आणि डोस कमी केला. पंधरा दिवसांत त्या पुन्हा भाकरी मागू लागल्या.

इथे बसलेल्या पुष्कळांच्या घरी आई-वडील वर्षानुवर्षे तीच गोळी घेत आहेत. गोळी तीच असली तरी शरीर तेच राहत नाही. डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी विचारा, मूत्रपिंडाची तपासणी करून डोस पाहायचा का?

काही औषधे हिश्शाचा हा नियमही पाळत नाहीत. फिटवरचेच फेनिटॉइन घ्या. एका मर्यादेनंतर यकृताचे हात भरून जातात. मग डोस थोडाच वाढवला तरी साठा एकदम उसळतो आणि माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. म्हणून शेजाऱ्याने अर्धी गोळी वाढवली म्हणून आपण वाढवायची नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्याला द्यायचे नाही.

हे कळल्यापासून आमच्या कामात तीन बदल झाले. पहिला, गोळी सुरू करताना तारीख खरी सांगतो. घरात एकवीस चिंचोके मोजून देतो. रोज रात्री गोळी घेतली की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. "सगळे चिंचोके तिकडे जाईपर्यंत गोळीला दोष द्यायचा नाही," एवढाच करार. दुसरा, चुकलेली गोळी आठवली की घ्यावी, पण दोन-तीन दिवसांच्या एकदम घेऊ नयेत. सिस्टरांना निरोप द्यावा. आणि गोळीबरोबर मोहाची दारू नको, कारण दोघांची गुंगी एकत्र होते. तिसरा, बंद करायची वेळ डॉक्टरच ठरवतील आणि गोळी पायरीपायरीने उतरवतील. लग्न ठरले, दिवस राहिले, तरी आपण होऊन सोडायची नाही. आधी येऊन विचारायचे.

त्या मुलीच्या वडिलांकडे मी परत गेले. तिचा हात पट्टीत होता. मी म्हणाले, "काका, मी तुम्हांला खोटे सांगितले. चार दिवस नाही, एकवीस दिवस लागतात. मला माहीत होते, तरी मी सांगितले नाही." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तेव्हाच सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. आम्ही पेरणी करून चार महिने थांबतो." मला याचे उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

छपरातली पुडी त्यांनी स्वतः काढून दिली. जुन्या गोळ्या आम्ही परत घेतल्या आणि डॉक्टरांनी नव्याने सुरुवात करून दिली. पहिल्या तीन आठवड्यांत दोन फिट आल्या. वडिलांनी दोन्ही वेळा चिंचोके मोजले आणि थांबले. पुढच्या दोन महिन्यांत एक आली. आज तिला दीड वर्षात फिट आलेली नाही. जोडलेल्या बोटांनीच ती भाकरी थापते, आणि चुलीभोवती आम्ही बांधून दिलेल्या उंच ओट्यावर बसूनच थापते.

कोणी विचारतात, तुम्ही प्रार्थना करता, मग गोळीचा एवढा आग्रह का? ज्या घरात सायंप्रार्थना होते तिथे आम्ही गोळीची वेळ तीच ठेवतो. 'आमेन' झाले की तांब्या आणि गोळी. ज्या घरात प्रार्थना नाही तिथे रात्रीच्या जेवणानंतर. दोन्ही घरांत गोळी सारखेच काम करते, आणि दोन्ही घरे आपल्या सेवेत सारखीच आहेत.

शेवटी तुमच्याकडे एकच मागणे. वर्षातून एकदा मोठी देणगी येते तेव्हा आम्हांला आनंद होतो. पण औषधाच्या कपाटाला दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम जास्त उपयोगी पडते, कारण आमच्या रुग्णांचा समतोल रोजच्या येण्यावर उभा आहे. आणि कृपा करून घरातल्या उरलेल्या गोळ्या पाठवू नका. आठ दिवसांच्या गोळ्या देऊन नवव्या दिवशी हात रिकामे दाखवायची वेळ आमच्यावर येऊ नये.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील. त्याआधी डबे भरायचे आहेत. त्यासाठी प्रार्थना करा, आणि जमेल त्यांनी डबे भरायला एक दिवस या.